जनुकांचे पाटकरी

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या दोघी भेटल्या की बोलणं औषधांवर येतंच. एकीची केमोथेरपी संपली आणि आता रोज एक छोटी गोळी सुरू आहे, तीही पाच वर्षं घ्यायची आहे. दुसरीची केमोथेरपी झाली, गोळी मात्र दिलीच नाही. "रोग एकच, मग मला गोळी का नाही?" उत्तर रिपोर्टातल्या एका ओळीत असतं: 'ईआर पॉझिटिव्ह' किंवा 'ईआर निगेटिव्ह'. हे ईआर म्हणजे पेशीतलं एक प्रथिन. कोणतं जनुक कधी वाचायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांच्या मोठ्या घराण्यातलं ते एक. कॅन्सरच्या वाढीत या घराण्याचा हात कुठे असतो आणि औषधं त्याला कुठे गाठतात, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. डीएनए तोच, पेशी वेगळी

डोळ्यातली पेशी आणि यकृतातली पेशी यांच्यातला डीएनए सारखाच असतो. सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर आणि त्यात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं. प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाचं जनुक यकृताच्या पेशीतही असतं, पण तिथं ते वाचलं जात नाही. जनुक वाचणं म्हणजे त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होणं. त्या नकलेवरून पुढे प्रथिन बनतं. पेशी डोळ्याची होणार की यकृताची, हे तिच्याजवळ कोणती जनुकं आहेत यावर ठरत नाही. त्यांतली कोणती वाचली जातात यावर ते ठरतं.

मग हे ठरवतं कोण? कालव्याच्या लाभक्षेत्रातला पाटकरी डोळ्यांसमोर आणा. पाणी एकाच धरणाचं, चाऱ्या शेकडो. कोणत्या चारीचं दार कधी उघडायचं, किती वेळ ठेवायचं आणि कधी बंद करायचं, हे पाटकरी पाळीप्रमाणे पाहतो. तो स्वतः काही पिकवत नाही, पण कोणाच्या रानात काय पिकेल ते बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं. पेशीत हे काम काही प्रथिनं करतात. शास्त्रज्ञ त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात, आपण नियामक प्रथिनं म्हणू. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिनं आहेत.

ही कल्पना आधी जिवाणूंच्या अभ्यासातून आली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर काम करत होते. दुधातली साखर समोर असेल तेव्हाच हा जिवाणू ती पचवणारं प्रथिन बनवतो, एरवी नाही. १९६१ मध्ये त्यांनी मांडलं की त्या जनुकाच्या तोंडाशी एक रेणू अडून बसलेला असतो आणि साखर आली की तो बाजूला होतो. १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

माणसासारख्या प्राण्यात या प्रथिनांची ताकद किती असते, ते जपानच्या क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलं. उंदराच्या त्वचेच्या पेशीत त्यांनी फक्त चार नियामक प्रथिनांची जनुकं घातली. कामाला लागलेली त्वचेची पेशी मागे गेली आणि गर्भातल्या मूळ पेशीसारखी झाली. त्या चारांतलं एक होतं मिक. अशा पेशींपासून वाढवलेल्या काही उंदरांमध्ये बाहेरून घातलेलं मिक पुन्हा जागं झालं आणि त्यांना गाठी झाल्या. पेशीची ओळख बदलणारं प्रथिन तिला कॅन्सरच्या वाटेलाही लावू शकतं, याचा हा धडधडीत पुरावा.

२. योग्य जागा सापडते कशी?

बहुतेक नियामक प्रथिनांना कामाच्या दोन बाजू असतात. एक बाजू डीएनएवरची अक्षरांची ठरावीक ओळ ओळखून तिला धरते. दुसरी बाजू जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला बोलावते किंवा अडवते. ही दुसरी बाजू एकटी काम करत नाही. तिला मदतनीस प्रथिनं लागतात.

पण एक अडचण आहे. ओळखायची ओळ फार छोटी असते, बहुधा ६ ते १२ अक्षरांची. मिकची आवडती ओळ सहा अक्षरी आहे: सी-ए-सी-जी-टी-जी. डीएनएत अक्षरं चारच प्रकारची, म्हणून सहा अक्षरांच्या ४ × ४ × ४ × ४ × ४ × ४ म्हणजे ४,०९६ वेगवेगळ्या ओळी होऊ शकतात. अक्षरं कशीही विखुरलेली आहेत असं धरलं, तर दर ४,०९६ अक्षरांमागे ही ओळ एकदा भेटेल. ३०० कोटींना ४,०९६ नं भागा, उत्तर येतं सव्वासात लाखांच्या पुढे. इतक्या ठिकाणी हुकूम सुटला तर पेशीत गोंधळच होईल.

पेशी यावर दोन उपाय करते. पहिला, बराचसा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो, तिथली ओळ प्रथिनाच्या हातीच लागत नाही. दुसरा, अनेक जनुकांना एकाहून जास्त नियामकांची संमती लागते. सहा-सहा अक्षरांच्या दोन ओळी लागोपाठ हव्या असतील, तर एकूण बारा अक्षरं होतात आणि शक्यता होतात सुमारे १ कोटी ६८ लाख. ३०० कोटींना त्यानं भागलं की उरतात फक्त १८० च्या आसपास जागा. प्रत्यक्षातला हिशोब यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, पण नियामक प्रथिनं जोडीनं आणि जथ्यानं का काम करतात ते यावरून कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे काही औषधं नेमकी या जोड्याच मोडणार आहेत.

३. उघडं राहिलेलं दार

१९५८ मध्ये डेनिस बर्किट या आयरिश सर्जननी युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्यानं वाढणाऱ्या गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा रक्तातल्या बी पेशींचा कॅन्सर होता. आज त्याला बर्किट लिम्फोमा म्हणतात. या पेशींत आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बहुधा चौदाव्या गुणसूत्राला चिकटलेला दिसतो. १९८२ मध्ये उलगडा झाला: त्या तुकड्यावर मिकचं जनुक होतं आणि ते जिथं जाऊन बसलं, तिथं अँटिबॉडी बनवणारं जनुक होतं.

बी पेशीचं कामच अँटिबॉडी बनवणं, त्यामुळे तिथला भाग रात्रंदिवस वाचला जातो. शेजारी आलेलं मिकही मग तसंच सतत वाचलं जाऊ लागलं. निरोगी पेशीत मिक प्रथिन अर्ध्या तासाच्या आत निम्मं संपतं. वाढीचा निरोप आला की ते बनतं, काम करतं आणि तुटून जातं. इथं पाळी संपतच नाही. रानात पाणी सतत राहिलं की जमीन चोपण होते, पेशीत मिक सतत राहिलं की वाढीची जनुकं थांबायचं नाव घेत नाहीत. पेशी नवी प्रथिनं, नवी ऊर्जा आणि नवा डीएनए तयार करत विभागत राहते.

या गोष्टीत मिकच्या जनुकातला मजकूर बिघडण्याची गरज नव्हती, फक्त जागा बदलली. दुसऱ्या काही कॅन्सरमध्ये जागा तीच राहते, पण प्रतींची संख्या वाढते. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमामध्ये मिकच्याच भावकीतल्या एन-मिकच्या जनुकाच्या कित्येक प्रती झालेल्या दिसतात. अशा मुलांचा आजार जास्त आक्रमक असतो, म्हणून उपचार ठरवताना डॉक्टर ही तपासणी आवर्जून करतात.

४. ज्याच्या नसण्यानं बिघडतं

दुसऱ्या तऱ्हेचा बिघाड याच्या उलट असतो. इथं नियामक प्रथिन जास्त होत नाही, ते कामातूनच जातं. याचं ठळक उदाहरण पी५३.

१९७९ मध्ये अनेक प्रयोगशाळांना हे प्रथिन जवळजवळ एकाच वेळी सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं मानलं गेलं. कारण प्रयोगासाठी वापरलेल्या त्याच्या प्रती आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटानं आणि इतरांनी चित्र उलटं केलं: निरोगी पी५३ कॅन्सर रोखतं. डीएनएला इजा झाली की पी५३ काही जनुकं चालू करतं. त्यांतली काही पेशीचं विभाजन थांबवतात, काही दुरुस्तीला लागतात आणि दुरुस्ती शक्य नसेल तर काही पेशीला मरायला लावतात. माणसांच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जनुक बिघडलेलं आढळतं. हत्तीच्या अवाढव्य शरीरात पेशी कितीतरी जास्त, तरी त्याला कॅन्सर कमी होतो. हत्तीत पी५३ च्या जनुकाच्या सुमारे वीस प्रती असतात, माणसात एकच, आईकडची आणि वडिलांकडची मिळून जोडी. हत्तीच्या या सवलतीमागचं एक कारण हे असावं.

पी५३ जातं कसं? एक वाट तंबाखूच्या धुराची. धुरातलं बेन्झोपायरिन नावाचं रसायन पी५३ च्या जनुकातल्या ठरावीक ठिकाणीच चिकटतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात तेही बहुधा त्याच ठिकाणी. १९९६ मध्ये ही जुळणी दाखवली गेली.

दुसरी वाट विषाणूची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो, विशेषतः त्याचे १६ आणि १८ हे प्रकार. तो पी५३ च्या जनुकाला हातही लावत नाही. त्याचं ई६ नावाचं प्रथिन पी५३ ला पेशीच्याच प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतं. जनुक शाबूत, प्रथिन बनतंय, पण टिकत नाही.

हे ज्ञान महाराष्ट्रातल्या गावांपर्यंत पोचलेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल सहभागी होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं आणि लगेच केलेल्या उपचारानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले. पी५३ नाहीसं करणारा विषाणू शरीरात शिरूच नये यासाठी आता लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस २०२३ मध्ये बाजारात आली.

५. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे काय

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. १८९६ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी नोंदवलं की बीजकोश काढले की काही स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी आकसतात. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला बीजकोशात बनणाऱ्या इस्ट्रोजेन या हॉर्मोनला किरणोत्सारी खूण करून त्याचा माग काढला. पेशीत त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन होतं: इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजेच ईआर. हे स्वतःच एक नियामक प्रथिन आहे. इस्ट्रोजेन त्याच्या खोबणीत बसलं की त्याचा आकार बदलतो, ते डीएनएला धरतं, मदतनीस प्रथिनं गोळा करतं आणि वाढीची जनुकं वाचली जाऊ लागतात. मिकचं जनुकही त्या यादीत असतं.

स्तनाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमध्ये ईआर सापडतं. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या पातळ कापावर खास रंग टाकून पेशींची केंद्रकं रंगतात का ते पाहतात. १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशींची केंद्रकं रंगली तर ईआर पॉझिटिव्ह. त्याच ओळीत पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, असतं. पीआरचं जनुक ईआरच्या हुकमानं वाचलं जातं. म्हणून पीआरही पॉझिटिव्ह असणं म्हणजे ईआर नुसतं हजर नाही, कामही करतंय, याची खूण. तिसरं नाव हर-टू. ते मात्र या घराण्यातलं नाही, ते पेशीच्या आवरणावर असतं आणि त्याची औषधं वेगळी.

ती छोटी गोळी बहुधा टॅमॉक्सिफेन असते. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीनं १९६० च्या दशकात हा रेणू गर्भनिरोधक म्हणून शोधायला घेतला होता. त्या कामी तो चालला नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी ब्रिटनमध्ये तो १९७३ मध्ये आणि अमेरिकेत १९७७ मध्ये मान्य झाला. टॅमॉक्सिफेन ईआरच्या त्याच खोबणीत बसतं, पण प्रथिनाचा आकार असा होतो की मदतनीस प्रथिनांना चिकटायला जागाच उरत नाही. पाटकरी दारापाशी उभा आहे, पण दार वर ओढायला हाताशी कुणी नाही. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेले दिसतात. ईआर निगेटिव्ह गाठीवर या गोळीचा फायदा दिसत नाही, कारण तिथली वाढ ईआरच्या हुकमावर चाललेलीच नसते. दुसरीला गोळी का नाही, याचं उत्तर हे.

याच वाटेवर आणखी दोन तऱ्हा आहेत. पाळी बंद झालेल्या स्त्रियांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देऊन शरीरात इस्ट्रोजेन बनणंच कमी करतात. फुल्व्हेस्ट्रंट हे इंजेक्शन ईआर प्रथिनालाच तोडायला लावतं. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हीच कहाणी अँड्रोजेन रिसेप्टर या भावाची आहे. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हॉर्मोन कमी करून त्या गाठी आवरता येतात हे दाखवलं. आजची एन्झालुटामाइडसारखी औषधं थेट त्या रिसेप्टरला अडवतात.

६. पेशी मारायची की मोठी करायची?

प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर एकेकाळी सर्वांत वेगानं जीव घेणाऱ्यांपैकी होता. रुग्ण रक्तस्रावानं दगावत. यात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि दोन जनुकं जोडली जाऊन एक नवंच प्रथिन तयार होतं. त्याचा एक भाग आरएआर-अल्फा या नियामक प्रथिनाचा. व्हिटॅमिन एपासून बनणारं रेटिनॉइक अ‍ॅसिड आलं की आरएआर-अल्फा पांढऱ्या पेशींना परिपक्व करणारी जनुकं चालू करतं. जोड-प्रथिन मात्र त्या जनुकांवर बसून त्यांना बंदच ठेवतं. पेशी अर्धवट वाढीत अडकतात आणि रक्तात त्यांचीच गर्दी होते.

शांघायचे डॉक्टर वांग चेन-यी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला रेटिनॉइक अ‍ॅसिडचा एक प्रकार दिला. तिचा रोग ओसरला. १९८८ मध्ये त्यांच्या गटानं २४ रुग्णांचा अहवाल दिला. औषधानं कॅन्सरच्या पेशी थेट मारल्या नव्हत्या. त्या परिपक्व झाल्या आणि कोणत्याही पांढऱ्या पेशीसारख्या आपलं आयुष्य पुरं करून गेल्या. मोठ्या मात्रेपुढे जोड-प्रथिनाची पकड सुटते आणि बंद जनुकं उघडतात.

दुसरं औषध आणखी अनपेक्षित: आर्सेनिक, आपला सोमल. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ते या रोगावर वापरायला घेतलं. पुढे समजलं की ते जोड-प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटून त्याला तोडायला लावतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २००६ मध्ये नव्या रुग्णांना केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड देऊन टिकाऊ गुण येतो हे दाखवलं. खर्चाचा भार पाहता भारतासाठी ही गोष्ट मोलाची होती. २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या चाचणीत, फार धोक्याच्या गटात नसलेल्या रुग्णांना ही दोन्ही औषधं केमोथेरपीशिवाय दिली. दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण उपचार न फसता, रोग न उलटता जिवंत होते. हे सगळं मोजून दिलेल्या मात्रेत, हॉस्पिटलमध्ये आणि हृदयावर लक्ष ठेवून. घरगुती सोमल हे विषच.

७. खोबण नसेल तर?

ईआर आणि आरएआर यांच्यावर औषध सापडलं त्यामागे एक सोय होती. हॉर्मोन बसायला त्यांच्यात मुळातच खोबण होती. औषधाचा छोटा रेणू साधारणपणे अशाच खोबणीत जाऊन बसतो. बहुतेक नियामक प्रथिनांत तशी सोय नसते. डीएनए धरणारी बाजू पसरट, मदतनीसांना धरणारी बाजू लवचीक. मिकला तर मॅक्स नावाचा जोडीदार मिळेपर्यंत ठरलेला आकारच नसतो. म्हणून औषधनिर्मितीत ही प्रथिनं दीर्घकाळ हाताबाहेरची मानली गेली. ही समजूत दोन ठिकाणी ठळकपणे मोडली.

पहिलं ठिकाण मूत्रपिंड. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत एचआयएफ ही नियामक प्रथिनं टिकतात आणि नव्या रक्तवाहिन्यांची, तांबड्या पेशी वाढवण्याची जनुकं चालू करतात. ऑक्सिजन पुरेसा असला की व्हीएचएल नावाचं प्रथिन त्यांना तोडायला लावतं. हे कोडं सोडवल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाच्या सर्वांत नेहमीच्या कॅन्सरमध्ये बहुधा व्हीएचएलच गेलेलं असतं. ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी तो नाही असं धरून चालते आणि गाठीला रक्त पुरवत राहते. डॅलसमधल्या संशोधकांना एचआयएफ-टूच्या आत एक लपलेली पोकळी दिसली. तिथं रेणू बसवला की एचआयएफ-टू आणि त्याच्या जोडीदाराची जोडी सुटते. त्यातून आलेलं बेल्झुटिफॅन अमेरिकेत २०२१ मध्ये आनुवंशिक व्हीएचएल आजारासाठी आणि २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मान्य झालं. या औषधानं रक्तक्षय होतो. कारण उघड आहे: तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोपही एचआयएफ-टूच देतं.

दुसरं ठिकाण मायलोमा, हाडांच्या मगजातला कॅन्सर. थॅलिडोमाइड हे नाव जुन्या वाचकांना धडकी भरवेल. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये झोपेची गोळी म्हणून आलेलं हे औषध गरोदर स्त्रियांनी घेतलं आणि जगभरात १०,००० हून जास्त मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. १९९९ मध्ये दिसलं की इतर उपचारांना न जुमानणाऱ्या मायलोमावर ते काम करतं. का, ते कळायला आणखी पंधरा वर्षं लागली. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ते सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं. सेरेब्लॉनचं काम जी प्रथिनं तोडायची त्यांवर खूण करणं. २०१४ मध्ये पुढचा दुवा मिळाला: याच कुळातलं लेनालिडोमाइड चिकटलं की सेरेब्लॉन इकारोस आणि आयोलोस या दोन नियामक प्रथिनांवर खूण करू लागतं. मायलोमाच्या पेशी त्यांच्यावरच जगतात. २०१८ मध्ये जुन्या शोकांतिकेचाही धागा लागला. गर्भात थॅलिडोमाइडमुळे सॅल४ हे हातपाय घडवणारं नियामक प्रथिन तुटतं. औषध करतं ते कामाचं आणि घाताचं, दोन्ही एकाच पद्धतीनं. भारतीय कंपन्यांचं जेनेरिक लेनालिडोमाइड आज इथं मिळतं आणि अमेरिकेतही जातं, आणि गरोदरपणात ते घेणं पूर्ण वर्ज्य आहे.

या वाटेवर खोबण शोधत बसावं लागत नाही. नियामक प्रथिनाला अडवण्याऐवजी त्याला तोडणाऱ्या यंत्रणेशी गाठ घालून दिली की काम होतं. म्हणून आज अनेक प्रयोगशाळा या तत्त्वावर औषधं बनवत आहेत.

८. हळद, गाजर आणि उलटणारा रोग

"हळदीनं कॅन्सर बरा होतो म्हणतात, खरं का?" हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर टाकलं की एनएफ-कप्पा-बी या सूज वाढवणाऱ्या नियामक प्रथिनाचं काम मंदावतं. वाचायला मोठं वाटतं, पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं आणि लवकर निघून जातं. आमटीतली हळद खुशाल खा. उपचार सोडून हळदीच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका आणि उपचार चालू असताना त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

"ल्युकेमियावर व्हिटॅमिन ए चालतं, तर मग गाजराचा रस, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या?" रेटिनॉइक अ‍ॅसिड त्या एका ल्युकेमियात चालतं, कारण तिथं आरएआर-अल्फाचंच जोड-प्रथिन असतं. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त होता.

"गोळी चालू असून रोग उलटला, औषध खोटं होतं का?" औषधाच्या दबावाखाली पेशी बदलतात. इस्ट्रोजेन कमी करणारी औषधं दीर्घकाळ घेतलेल्या काही स्त्रियांमध्ये ईआरच्या जनुकात असा बदल होतो की ईआर इस्ट्रोजेनशिवायही चालूच राहतं. मग इस्ट्रोजेन कमी करून उपयोग नसतो, ईआरलाच गाठावं लागतं. अशा रुग्णांसाठी एलासेस्ट्रंट ही गोळी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. यावरून रोग उलटला की पुन्हा तपासणी का करतात, हे लक्षात येईल: वाढ आता कोणाच्या हुकमावर चालली आहे, ते पाहायला.

९. पुढची बातमी कशी वाचायची

ज्या दोन प्रथिनांपासून बिघाडाची गोष्ट सुरू झाली, ती मिक आणि पी५३, अजून सहजासहजी हाती येत नाहीत. मिकच्या जोडीदाराची जागा अडवणारं ओमोमिक हे छोटं प्रथिन बार्सिलोनातल्या गटानं माणसात आजमावलं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. हा टप्पा मुख्यतः औषध सोसतं का आणि मात्रा किती, हे पाहण्याचा असतो. पी५३ चं काम अवघड असण्याचं कारण वेगळं आहे. अडवण्यापेक्षा बिघडलेलं प्रथिन पुन्हा कामाला लावणं कठीण. त्यातल्या एका ठरावीक बिघाडामुळे प्रथिनात छोटी खळगी पडते. तिथं बसून त्याला पुन्हा मूळ आकारात धरून ठेवणाऱ्या औषधाच्या चाचण्या चालू आहेत.

अशा शोधांच्या बातम्या येत राहतील. तेव्हा तीन प्रश्न विचारा. औषध कोणत्या नियामक प्रथिनाला लागू पडतं आणि ते प्रथिन रुग्णाच्या गाठीत काम करतंय का? परिणाम काचेच्या बशीतला, उंदरातला की माणसातला? आणि माणसात असेल तर तुलना कशाशी केली आहे? टॅमॉक्सिफेन, आर्सेनिक आणि लेनालिडोमाइड तिन्ही प्रश्नांना उत्तर देऊन उपचारात टिकली आहेत. नव्या औषधाकडूनही तेवढंच मागायचं.